फाटकापाशी थांबलेली मुलं

“शिकवणी? आणि मी?” बाईंचा आवाज चढला.

मुख्याध्यापकांनी मान वर केली नाही. “शाळेनंतर तुम्ही चोरून पैसे घेऊन शिकवता, अशी पालकांची तक्रार आहे. शाळा सुटून अंधार पडला तरी तुमच्या वर्गातली पोरं फाटकापाशी बसलेली असतात. विचारलं की म्हणतात, बाईंसाठी थांबलोय.”

“अहो, घंटा झाली की मी पोरांचा निरोप घेते आणि मागच्या दाराने बस गाठते. फाटक मला दिसतसुद्धा नाही!”

“मग एवढी पोरं खोटं बोलतात? हे खरं निघालं, तर तुम्हाला मायदेशी परत जावं लागेल.”

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. परमुलखात येऊन हेच ऐकायचं राहिलं होतं!

घरचे तर आधीपासून टोमणे मारत होते. आपली पोरं काय कमी पडली, म्हणून परक्यांचे शेंबूड पुसायला निघालीस? निघताना बाई दारातून ‘येते गं’ म्हणाल्या, तरी आईने मान वळवली नव्हती. त्याला आता वर्ष होऊन गेलं.

पण इथे गणिताचे सर होते, चित्रकलेच्या बाई होत्या. गळक्या छपराखाली दोघं जीव ओतून शिकवत. त्यांच्यात बसून बाईंना पहिल्यांदा वाटलं होतं, आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय. इथली भाषाही त्यांनी या दोघांकडूनच उचलली. मनात मराठी जुळवायची आणि तोंडाने इथले शब्द सोडायचे. “शब्द आमचे, वळण तुमचं,” सर चिडवायचे.

आणि आता चोर ठरवून घरी पाठवणार म्हणे!

“बाई गेल्या तर मीही जाईन,” आवाज ऐकून दारात आलेले गणिताचे सर म्हणाले. चित्रकलेच्या बाई ओला ब्रश हातात घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. बाईंचे डोळे भरून आले, पण राग काही ओसरला नाही.

“पोरांनाच बोलवा!” त्या कडाडल्या. “माझ्यासमोर विचारा. कर नाही त्याला डर कशाला?”

वर्गातली सगळ्यात आगाऊ मुलगी आली. वय सात, पण कंबरेवर हात ठेवून बोलणारी. बाई तिला लाडाने ठमाकाकू म्हणत.

“बाईंनी तुम्हाला थांबायला सांगितलं?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“नाही.”

“बघा!” बाईंनी टेबलावर हात आपटला. “सांग बाळा, ‘थांबा’ असं एका शब्दाने तरी मी कधी म्हणाले का?”

ठमाकाकूने कंबरेवर हात ठेवले. तिला रडण्यापेक्षा राग जास्त आला होता.

“आम्ही पायरीवर तुमची जागासुद्धा धरून ठेवतो,” ती म्हणाली. “जाताना रोज सांगता, येते हं. मग येत का नाही?”