सरांच्या लॉगिनवर

"मृण्मयी, प्राध्यापकांच्या उजळणी वर्गाला तू बस गं माझ्याऐवजी. मला नुसतं सर्टिफिकेट हवंय."

प्रा. करंबेळकरांनी सवयीप्रमाणे आपलं लॉगिन पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला दिलं. यंदा वर्ग कपाळावरच्या पट्टीतून होता. ती पट्टी आधी नोंदणीच्या वेळी साठवून घेतलेली प्राध्यापकाची स्मृती डोक्यात उतरवायची आणि मग नवं ज्ञान त्या स्मृतीला जोडायची. पण सूचना वाचतो कोण!

तासाभराने मृण्मयी केबिनमध्ये आली.

"झालं का?" सरांनी चहा ओतत विचारलं.

"झालं. सर, मला तुमचं सगळं आठवतंय."

सरांनी किटली खाली ठेवली. "सगळं म्हणजे?"

"जर्नलकडे पाठवलेला माझा पेपर नाकारणारा निनावी परीक्षक तुम्हीच होतात," ती म्हणाली. "आणि वाचताना तुम्हाला तो फार आवडला होता."