पायाळू

जन्मताना मष्णूचा उजवा पाय आधी आला, म्हणून तो पायाळू. पायाळूचा पाय लागला की पाठीतली उसण पळते, हे निपाणीकडं शेंबडं पोरही सांगेल. तंबाखू खुडून आखडलेल्या बाया त्याच्या दारात पालथ्या पडायच्या. "हळू रं, लाथा घरी मिळत्यात," म्हणत हसत उठायच्या. मग पहिल्या महायुद्धात मष्णू बसऱ्याच्या लढाईवर गेला आणि तोच पाय तिथं ठेवून आला. लाकडी पायाकडं कुणी फिरकेना. आज हंडा उतरवताना आईच्याच पाठीत उसण भरली. "पालथी हो, आये," म्हणत त्यानं घोंगडं अंथरलं. भिंत धरून लाकडी पाय उचलला, जपून तिच्या पाठीवर टेकला. "गेली का गं?" "गेली रं." "मग ऊठ की." तिला कूसही बदलता येत नव्हती. "पडू दे वाईच," ती घोंगड्यात तोंड खुपसून म्हणाली, "लई दिसांनी तुझा पाय लागला."