लोडशेडिंगचे दिवस

लाईट गेली आणि दीक्षाचं रडणं थांबलं.

ती कामाला होती ते शाहूपुरीतल्या ट्रान्सपोर्ट कंपनीचं ऑफिस तळघरात होतं. खिडकी नावालाही नाही. सकाळी पायऱ्या उतरायच्या ते अंधार पडल्यावरच वर यायचं, आणि दिवसभर डोक्यावर त्या पांढऱ्याफेक ट्यूबलाईटी. वर्षभरात दीक्षाची झोप उडाली होती. कारण नसताना रडू फुटायचं, नाहीतर डोकं फिरायचं. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मग बिघडलंय काय, ते कुणालाच सांगता येईना. परवा दूध सांडलं म्हणून तिनं चार वर्षांच्या साक्षीला एवढं बडवलं, की पोर आता आईला बघून कोपऱ्यात सरकायची.

"महिन्याभरात तुझं डोकं ठिकाणावर आलं न्हाय, तर पोरीला गावी नेसरीला माझ्या आईकडं ठिवणार," नवरा, धम्मपाल, म्हणाला होता. चुकीचं तरी काय बोलला? नोकरी सोडावी, तर तो कामाला होता ती सूतगिरणी बंद. घर चालायचं ते हिच्याच पगारावर.

लाईट जाऊन रडणं थांबलं, त्या दिवसापासून दुपारची लाईट रोज जाऊ लागली. थंडीचे दिवस. सगळे वीजवाल्यांना शिव्या घालत वर पायऱ्यांवर उन्हात बसायचे. दीक्षाही बसायची. आठवडाभरात तिला गाढ झोप लागायला लागली. मग एक दिवस साक्षी आपण होऊन मांडीत येऊन बसली. दीक्षाचा जीव भांड्यात पडला, आणि घाबरलाही. म्हणजे हे सगळं त्या खालच्या उजेडानं होत होतं!

ती मालकांकडे गेली. "साहेब, मला वर दारापाशी टेबल द्या. डॉक्टर म्हणतात डोळे ठीक आहेत, पण खालच्या उजेडात डोकं बिघडतंय माझं."

उदयसिंह मालक तसे भले, पण हसलेच. "उजेडानं कुणाचं डोकं बिघडतंय व्हय, ताई? आणि डोळं तर तुमचं ठणठणीत हायत की!"

पुढच्या आठवड्यात जनरेटर आला. हार घातला, नारळ फोडला. "आता मिनिटभरबी लाईट जाणार न्हाय!" मालक म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. दीक्षानंही पिटल्या. करते काय बिचारी?

घरी येताच ती साक्षीचे फ्रॉक पिशवीत भरू लागली.

"आगं, आता तर बरी झालीयास की तू," धम्मपाल म्हणाला.

"व्हय. म्हणूनच उद्याच तिला नेसरीला सोडून या. माझा हात परत उठायच्या आधी."