येते

"काकू, 'येते' पूर्ण झालं!" संदेश केंद्रातली वल्लरी आनंदानं ओरडली.

"साडेसात वर्षांत काय बोलली, तर 'अगं आई, म्हणजे ना, येते'! साडेसातीच आहे ही कार्टी," सुमेधाताई कावल्या.

त्यांच्या केतकीचं यान कृष्णविवराच्या काठाशी फिरत होतं. तिथला काळ इतका संथ, की तिचं एकेक अक्षर इथे नऊ महिन्यांनी पोचायचं. परत येतेस की आत उतरतेस, एवढंच आईनं विचारलं होतं.

"पण येतेय ना ती!"

"अगं, घरातून निघतानाही आपण 'येते'च म्हणतो. 'जाते' कोण म्हणतं?"

वल्लरीचा चेहरा उतरला. "मग शब्द सोडा, काकू. ती बाहेर येत असेल, तर पुढचं अक्षर नऊ महिन्यांच्या आत येईल. आत जात असेल, तर लांबेल."

पाचव्या महिन्यात फोन वाजला. "काकू, अक्षर आलंय. पण नुसतं 'हं' आहे. 'येते हं.' म्हणजे निरोपच की हो!"

"म्हणू दे तिला काय म्हणायचं ते," सुमेधाताईंना हसू फुटलं. "लवकर म्हणाली ना!"