मिस जयूची रेकॉर्ड

टॉवर चौकातल्या कॅसेटच्या दुकानात मधुराने पिशवीतून जुनी रेकॉर्ड काढली. तिची आजी, अक्का, दारातल्या स्टुलावर बसून रस्त्यावरचे टेंपो बघत होती.

रेकॉर्डला काठापासून आत तडा गेला होता. दुकानदाराने ती उजेडात धरली. हल्ली त्याचा अर्धा धंदा केबलच्या कनेक्शनांवर चालायचा, पण जुन्या गाण्यांच्या कॅसेट भरून द्यायचं त्याने सोडलं नव्हतं. "एक बार चल जाए तो गनीमत. फिर भगवान मालिक," तो म्हणाला.

एकदा वाजली तरी मधुराला पुरे होतं. लेबलवर 'मिस जयू' असं नाव होतं, खाली 'रॉक अँड रोल'. तिच्या आजोबांनी, भय्यासाहेबांनी, ही रेकॉर्ड आयुष्यभर कुलपात ठेवली. कधी वाजवली नाही, कोणाला हात लावू दिला नाही. मग घरादाराने थट्टा करायची सोडली असती तर नवलच! लेकीसुनांनी 'तुमची जयू' म्हणून त्यांना सळो की पळो केलं. ते नुसते हसायचे. आता ते गेले, आणि ही बया होती तरी कोण, या विचाराने मधुराला चैन पडेना.

"अक्का, तुला कधी राग नाही आला हिचा?"

"कशाला यायचा?"

दुकानदाराने रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली. सुई टेकली. घोगरा, जड, पुरुषी आवाज रेंगाळत बाहेर आला. मधुराचं तोंड उतरलं. "ह्या आवाजामागे आजोबा पागल होते?"

अक्का ताडकन उठली. "भैया, सुई उठाओ, जल्दी! अठहत्तर पे लगाओ. वो ऐसे नहीं गाती."

दुकानदाराने वेगाचा खटका अठ्ठ्याहत्तरवर फिरवला. या वेळी आवाज उसळी मारून आला, मागोमाग ट्रंपेट. मधुराच्या अंगावर काटा आला. तड्यावर सुई टकटक करत होती, आता अडकते की मग, असं वाटत होतं. अक्काने स्टूल घट्ट धरलं होतं. तिचे ओठ गाण्याच्या किंचित आधी हलत होते. गाणारीने श्वास घेतला की तीही घेत होती.

गाणं संपलं. "सगळं आलं?" तिने घाबरत विचारलं.

"पूरा आ गया, माताजी."

मधुरा बघतच राहिली. "अक्का, तू?"

"लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं आणि मी अंबिका झाले. हॉटेलातल्या गाण्याचा विषय पुन्हा काढणार नाही, असा सासूबाईंना शब्द दिला होता. पुढे ही रेकॉर्ड मुलांच्या हाती लागली, तेव्हा हे चटकन म्हणाले, माझी आहे, माझ्या आवडीची बाई आहे."

दुकानदाराने पेन उघडलं. "माताजी, कॅसेट पे नाम क्या लिखूँ? आपका?"

"मिस जयू ही लिखो," अक्का म्हणाली. "इसके दादाजी ने उस नाम के ताने उम्र भर सुने हैं."