कोण जुळवत बसतंय?

सोमवारी चौकशी अधिकारी येणार म्हटल्यावर साहेबांचं धाबं दणाणलं. नऊ वर्षांपूर्वीच्या फायली नाहीशा करायच्या होत्या. कागद कापायचं मशीन कोणतं मागवायचं, हे त्यांनी टायपिस्टबाईंना विचारलं. बाई मान खाली घालून काम करणाऱ्या, भरवशाच्या. त्यांचं माहेरचं आडनाव काय, हे मात्र साहेबांनी कधी विचारलं नव्हतं.

"एक मशीन पार भुगा करतं साहेब, पण फार रेंगाळतं," बाई म्हणाल्या. "दुसरं नुसत्या लांब पट्ट्या काढतं. दुपारपर्यंत सगळं उरकेल."

"पट्ट्यांचंच मागवा. कोण जुळवत बसतंय?"

"तेच म्हणते मी."

संध्याकाळी पट्ट्यांची चार पोती रद्दीत टाकते म्हणून बाईंनी रिक्षात घातली आणि थेट माहेर गाठलं. तिथे त्यांचे वडील डिंकाची बाटली उघडून टेबलाशी बसलेच होते. नऊ वर्षांपूर्वी याच साहेबांनी स्वतःची चोरी त्यांच्या माथी मारून त्यांना हाकललं होतं.



"आण इकडे," ते म्हणाले, "मला दुसरं काम तरी कुठं ठेवलंय त्याने!"