अर्धा राहिलेला गोंधळ

रीळ फिरायला लागलं आणि गंगू जागच्या जागी ताठ झाली. हा आवाज तिच्या बापाचा असूच शकत नव्हता. बाप तर शेजारी बसला होता, कोरड्या नळातून हवा यावी तसा बोलणारा. आणि तिकडं मशीनमधून कोण तो संबळाच्या वर चढून तुळजापूरच्या, माहूरच्या, कोल्हापूरच्या देवीला अशा हाका मारत होता, की आबिड्सच्या त्या माडीवरच्या रेकॉर्डिंगच्या खोलीची खिडकी थरथरली.

"बाबा, हे तुमी?"

"तीस वर्षांमागचा मी," दत्तोबा म्हणाला.

इतक्यात आवाज खटकन तुटला.

"इथं रीळ संपलंय," पुष्कर म्हणाला. पुण्याहून येऊन नवी कॅसेट कंपनी काढलेला पोरगा. अफझलगंजच्या भंगारवाल्याकडून त्यानंच ही रिळं उचलली होती. "शेवटी आवाज हळूहळू खाली नेतो, काका. कुणाला कळणार नाही."

"देवीला कळंल. कॅसेट काढू नका."

गंगूचं टाळकं सटकलं. "कायकू? गौलीगुड्यात लोक सिनेमाच्या गाण्यावर गोंधळ उरकायलेत. तुमाला कुत्रं विचारत नाही. आता हा घरी शोधत आला तर तुमचं नक्को?"

"देवीला बोलावलं, पाटावर बसवलं. मग रीळ संपलं, रेकॉर्डिंगवाले साहेब म्हणाले बस झालं, तर आमी उठलो. निरोप दिलाच नाही. तवापासनं बसलीय ती. तवाच गळा गेला माझा."

"गळा बिडीनं गेला!"

पुष्करला हसू फुटलं. दत्तोबानं बघितलं तसं त्यानं ते गिळलं.

"राहिलेलं आता घ्या," दत्तोबा म्हणाला.

"पण काका, आवाज जुळणार नाही."

"आवतण तरण्या पोरानं दिलं, निरोप म्हातारा देईल. बिघडलं कुठं?"

पुष्करनं माईक पुढं ओढला. टेबलावरचा लाल बल्ब लागला. संबळ नव्हता, म्हणून दत्तोबानं खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरला आणि सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. सवयीनं त्यानं डावीकडं मान वळवली. तिथं त्याचा भाऊ उभा राहून झील धरायचा, मागून ओळ उचलायचा. भाऊ कधीच गेला होता. डावीकडं गंगू होती.

पोरींना झील देत नसत त्यांच्यात. पण लहानपणापासून दाराआड बसून ऐकलेली ओळ होती ती. गंगूनं उचलली. डोक्यातला राग अजून उतरला नव्हता, त्यामुळं चांगली खणखणीत निघाली. बाप तिच्यावर टेकला आणि ओळीओळीनं पार शेवटापर्यंत गेला.

पुष्करनं लाल बल्ब बंद करायला बटणाकडं हात नेला.

"ठैरो!" गंगू ओरडली. "गोंधळाची दिवटी कुणी अशी विझवतंय का? ती दुधानं शांत करत्यात."

चहा नको म्हणाला म्हणून दत्तोबाला इराण्याच्या हॉटेलातून दूध आणलं होतं. ते तसंच साय धरून पडलं होतं. दत्तोबानं त्यात बोट बुडवलं आणि लाल बल्बवर टेकवलं. तापलेल्या काचेवर चर्र झालं. मग पुष्करनं बटण दाबलं.

"गेली," दत्तोबा म्हणाला. उरलेलं दूध त्यानं सायीसकट गंगूपुढं सरकवलं. "घे. झीलकऱ्याचा मान."